कच्च्या शिलाईवर सांगायचं

दर मंगळवारी मास्तरांचं पोट दुखायचं आणि दर शुक्रवारी छाती. उरलेले पाच दिवस ते ठणठणीत असायचे.

"आज काय, पोट की छाती?" बायको सकाळी चहाचा कप पुढे ठेवत विचारायची.

"मंगळवार आहे. पोट."

"मग खायला देऊ की नको?"

"भूक मेलेली आहे असं कार्डावर लिहिलंय खरं. पण ते दहा वाजल्यापासून. आत्ता दे."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपी. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कोट शिवले. मग डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवायला दिवसातून वीसदा बायकोला हाक मारायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एक दिवस यंत्रावर चादर घातली आणि दुकानाला कुलूप लावलं. त्यानंतरचे चार महिने ते घरात नुसते इकडून तिकडे फिरत होते. बायको म्हणायची, "तुम्ही एक तर बसा नाहीतर बाहेर जा. मधल्या मधे लोंबकळू नका."

सुटका केली ती वैद्यकीय कॉलेजातल्या मॅडमनी. त्यांचे पांढरे कोट मास्तरच शिवायचे. त्या एका संध्याकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मला एक आजारी माणूस हवाय."

"मला तर काही झालेलं नाही हो, मॅडम."

"म्हणूनच तर. खरा आजारी माणूस दिवसात चौदा पोरांना पोट दाबू देईल का?"

तेव्हापासून मास्तर खोटे पेशंट झाले. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर सरावाची खोली होती. सहा खाटा. तीन खाटांवर रबराची माणसं कायमची झोपलेली, फळीवर निळ्या शिरांचे रबरी हात ओळीने मांडलेले. एका भिंतीला मोठा आरसा होता. आतल्याला त्यात स्वतःचं तोंड दिसायचं आणि आरशामागे बसलेल्या मॅडमना सगळी खोली दिसायची. मास्तरांना एक कार्ड मिळायचं. काय दुखतं, कधीपासून, बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली कसं सरकलं, किती उलट्या झाल्या. विचारलं तर सांगायचं, न विचारलं तर नाही. ते पाठ करायला मास्तरांना एक दिवस पुरायचा. कण्हणं तर त्यांना उपजतच यायचं, असं बायकोचं म्हणणं होतं.

अवघड होतं ते पुढचं. आधी त्या कॉलेजात अशी रीत होती की पोरांनी सहा महिने पेशंट तपासायचे आणि मग परीक्षेत एकदम आकडा कळायचा. मॅडमना ते पटत नव्हतं. "वरातीमागून घोडं आहे हे," त्या म्हणायच्या. त्यांनी नवा नियम केला. प्रत्येक सरावानंतर, तिथल्या तिथे, पेशंटनं उठून बसायचं आणि आपल्याला काय वाटलं ते विद्यार्थ्याला तोंडावर सांगायचं.

मास्तरांचं धाबं दणाणलं. आपण सातवी पास. ही पोरं उशीएवढ्या जाड पुस्तकांतून वर आलेली. उद्या हीच आपल्या घशात नळी घालणार, आणि आज आपण त्यांना अक्कल शिकवायची? शिवाय पोरं घामाघूम होऊन समोर उभी असायची. त्यांच्याकडे बघून मास्तरांच्या तोंडून एकच शब्द निघायचा.

"छान. छान, बाळा."

ज्यानं नीट तपासलं त्यालाही छान आणि ज्यानं पोट दाबताना कोपर त्यांच्या बरगडीत खुपसलं त्यालाही छान. दीड महिन्यात खोली झाडणाऱ्या मावशींनी त्यांचं नावच 'छानमास्तर' ठेवलं.

या पोरांत एक होता शिडी. सहा फुटांच्या वर गेलेला, म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव. कोटाच्या बाह्या मनगटाच्या तीन बोटं वर संपायच्या. ते बघून मास्तरांचे हात शिवशिवायचे. पोरगा हुशार होता. हाडांची नावं अशी म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वतः मोजून आलाय. पण पेशंटपुढे आला की त्याच्या अंगात शिलाई यंत्र यायचं. खाटेशेजारी खांबासारखा उभा राहायचा आणि टकटकटक प्रश्न. मास्तर "परवा रात्री आम्ही जेवायला बसलो आणि..." एवढ्यावर असायचे, तोवर हा तापावरून लघवीवर पोचलेला. पोट तपासताना अर्धी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि बोटं सुरुवातीलाच नेमकी दुखऱ्या जागी. आणि दाब असा की मास्तर खरोखरच ओरडायचे.

मग उठून बसायचे, शर्ट खाली ओढायचे आणि म्हणायचे, "छान, बाळा."

असे तीन महिने गेले. मग मधली परीक्षा झाली. तिथे पेशंट दुसरीच होती, हौशी नाटकांत कामं करणारी एक बाई. तीन जण नापास झाले. त्यात शिडी होता.

पुढच्या मंगळवारी तो सरावाची पाळी नसताना आला आणि मास्तरांच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"मास्तर, मी सहा वेळा तुमचं पोट तपासलं."

"हो रे."

"सहाही वेळा तुम्ही छान म्हणालात."

मास्तर शर्टाचं बटण लावू लागले.

"परीक्षेत त्या नाटकवाल्या बाई म्हणाल्या, 'डॉक्टर, माझे वडील गेल्या महिन्यात गेले.' आणि मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, 'छान. पुढे?'"

"अरे देवा!" मास्तरांनी तोंडावर हात घेतला. "असं कसं निघालं तुझ्या तोंडून?"

"कसं म्हणजे? इथूनच उचललं असणार. इतक्यांदा ऐकलं की जिभेला तसं वळण पडलं." तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही. "पाच आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे. त्यात गेलो तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर मी परत येणार नाही, मास्तर. घरी सांगून टाकणार, हे आपलं काम नव्हे. पुस्तकं वाचता येतात, माणसं नाही."

त्या दिवशी मास्तरांचं पोट खरंच दुखलं. घरी येऊन त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मी उद्याच मॅडमना सांगतो, मला हे झेपणार नाही," ते म्हणाले. "एका पोराचं वर्ष मी खाल्लं."

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुकानात ट्रायलला गिऱ्हाईक उभं राहिलं, कोट बगलेत ओढत असला, तर तुम्ही छान म्हणायचात?"

"छे! तिथल्या तिथे खडूची खूण करायचो. पक्की शिलाई पडल्यावर सांगून काय उपयोग?"

"मग इथे काय झालं?"

"अगं, तिथे मला काम येत होतं. इथे मी कोण?"

"पोट कुणाचं आहे?"

"काय?"

"ते पोर जे पोट दाबतं ते कुणाचं आहे? तुमचंच ना? आपल्याला दुखलं की नाही हे सांगायला कुठली परीक्षा पास व्हावी लागते हो?"

 मास्तरांनी ताट पुन्हा पुढे ओढलं.

पण भिडस्त माणूस एकदा बोलायचं ठरवतो तेव्हा त्याला माप राहत नाही. शुक्रवारपर्यंत मास्तरांनी कटिंगच्या तपकिरी कागदावर शिडीच्या चुकांची यादी केली. सतरा भरल्या. शिडीनं त्यांची छाती तपासली, आणि तो थांबताच मास्तरांनी उशीखालून कागद काढून एक ते सतरा वाचून दाखवला. उभं राहणं, घाई, घड्याळ, गार हात, कोरडा आवाज, मान न हलवणं, सगळं. वाचताना त्यांनी वर बघितलंच नाही. बघितलं तेव्हा शिडीचा चेहरा त्याच्या कोटाइतका पांढरा झाला होता.

पुढच्या खाटेवर शिडीची दुसरी पाळी होती. तिथे तो पेशंटपुढे उभा राहिला आणि त्याला एकही प्रश्न सुचेना. दोन मिनिटं तो नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला, मग "माफ करा" म्हणून बाहेर निघून गेला.

मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "काय हो छानमास्तर, पोराला पार उसवून ठेवलंत की!"

मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते तसेच जिना उतरून शिडीच्या मागे गेले. तो खालच्या पायरीवर बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. त्याला काय म्हणावं हे मास्तरांना कळेना. शेवटी जे येत होतं तेच ते बोलले.

"रविवारी घरी ये. कोट घेऊन ये. त्या बाह्या मला बघवत नाहीत."

शनिवारभर ते घरात फेऱ्या घालत होते. बायकोनं विचारलं तेव्हा सतरा चुकांची हकीकत बाहेर आली. ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली.

"सतरा? एका दमात? अहो, लग्न झाल्यावर मला बटणांची काजं करायला शिकवलीत, ती आठवतात? माझ्या पहिल्या काजात किती चुका होत्या?"

"काज कुठलं ते? उंदराचं बीळ होतं."

"आणि तुम्ही मला काय सांगितलंत?"

मास्तर थबकले. "टाक्यांची उंची सारखी ठेव म्हणालो. बाकीचं राहू दे म्हणालो."

"बाकीचं कधी सांगितलंत?"

"उंची जमल्यावर. चार दिवसांनी कोपऱ्याचं सांगितलं. मग दोऱ्याच्या ताणाचं."

"मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या दिवशी सतरा चुका सांगितल्या असत्यात ना, तर ती सुई तुम्हालाच टोचून मी माहेरी गेले असते."

रविवारी शिडी आला. दारातून वाकून आत आला, तरी केस चौकटीला लागलेच. मास्तरांच्या बायकोनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर दोन मजली आहे! बस रे बाळा, उभा राहिलास की माझी मान दुखते."

"काकू, मॅडमही हेच म्हणतात," शिडी ओशाळून म्हणाला.

मास्तरांनी यंत्रावरची चादर काढली. बाहीचं टोक उसवलं. आत चांगलं तीन बोटं कापड दुमडलेलं होतं. ते सोडलं, दुमड नव्यानं घेतली आणि बायकोनं दोरा ओवून दिलेल्या सुईनं लांब लांब लाल टाके घातले.

"पांढऱ्यावर लाल?" शिडीनं विचारलं.

"ही कच्ची शिलाई. मुद्दाम वेगळ्या रंगाची घालतात, उसवताना दिसावी म्हणून. उसवायचीच असते ती. घाल आता. हात पुढे कर. वर. बस बघू. कसं वाटतं?"

"ठीक आहे."

"ठीक नको. कुठे ओढतं ते सांग."

"नाही, ठीकच आहे, मास्तर. तुम्ही एवढं केलंत..."

"अरे बाबा, माझ्यावर उपकार म्हणून सांग! घालणारा तू आहेस. बाहेरून मला सगळं सरळच दिसणार. आत कुठे टोचतंय ते तू बोलला नाहीस तर मी पक्की शिलाई मारणार आणि तू जन्मभर हात आखडून..."

मास्तरांचं वाक्य तिथेच थांबलं. सुई हातात तशीच राहिली. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत विशेष होतं.

"कोपरापाशी जरा ओढतं," शिडी हळूच म्हणाला.

मास्तरांनी खडूनं खूण केली. मग खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "बाळा, मी आत झोपलेला असतो आणि तू बाहेरून बघतोस. मला कुठे टोचतं हे तुला दिसणार नाही. मी ते तीन महिने सांगितलं नाही, आणि मग सगळं एकदम सांगितलं. दोन्ही गाढवपणा. आता असं करू. दर वेळी एक खूण. एकच. ती जमली की पुढची."

शिडीनं खडूच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आणि मला तुमच्याबद्दल काही वाटलं तर?"

"माझ्याबद्दल?"

"तुम्ही पेशंट चांगले नाही आहात, मास्तर."

"म्हणजे?"

"कण्हायच्या आधी तुम्ही माझ्याकडे बघता. आणि माझा हात चुकीच्या जागी गेला की तुमच्या भुवया मला वाट दाखवतात. मी पोट तपासतच नव्हतो. भुवया तपासत होतो."

मास्तरांची बायको एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या घरातून कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं.

"ही घ्या तुमची खूण!" ती म्हणाली.

मंगळवारी मास्तरांनी फक्त एवढंच सांगितलं, "बसून विचार. तू उभा असलास की मला पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं." शिडी बसून विचारू लागला. घाई तशीच राहिली, हात गारच राहिले, पण मास्तरांनी दातांखाली जीभ धरली. शुक्रवारी पोरगा आपण होऊन स्टूल ओढून बसला, तेव्हा पुढची खूण पडली, "दुखत नाही तिथून सुरुवात कर, आणि घड्याळाकडे नको, माझ्या तोंडाकडे बघ." आणि मास्तर घरी आरशासमोर उभे राहून भुवया न हलवता कण्हायचा सराव करत. बायको म्हणायची, "आता तर बद्धकोष्ठ झालेल्या न्यायाधीशासारखे दिसता."

सगळ्यात जास्त दिवस लागले ते थांबायला. पेशंटचं वाक्य संपलं की शिडीचा पुढचा प्रश्न दारात उभाच असायचा. मास्तरांनी त्याला सांगितलं, माझं बोलणं संपल्यावर मनात तीन आकडे मोज. तो ओठ हलवून मोजायला लागला. मग ते सोडवण्यात एक दिवस गेला. चौथ्या आठवड्यात एकदा तर सगळंच फिसकटलं. दुसऱ्या कुठल्या तरी विषयाची परीक्षा होती, शिडी झोपला नव्हता, आणि तो पुन्हा टकटकटक सुरू झाला.

"कसं झालं?" त्यानं शेवटी विचारलं.

मास्तरांनी शर्ट खाली ओढला. "वाईट झालं, बाळा. आज तू माझं काहीच ऐकलं नाहीस."

बोलून झाल्यावर त्यांनी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा शिडी हसत होता. मान डोलावत म्हणाला, "मलाही तसंच वाटलं. उठू नका, परत करतो." आणि दाराबाहेर जाऊन, दार वाजवून, पुन्हा आत आला.

हे बघून बाकीची पोरं खाटेभोवती घोटाळू लागली. "मास्तर, आम्हाला पण एक खूण." एका मुलीनं तर जाताना विचारलं, "मास्तर, मला छान म्हणू नका हं, खरं सांगा." मावशीही मागे राहिल्या नाहीत. एका पोराला त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्या रबराच्या माणसाला तुम्ही जास्त प्रेमानं हात लावता बघा." आरशामागून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला.

फेरपरीक्षेच्या दिवशी मास्तर घरीच थांबणार होते. आपल्या मनात पक्षपात आहे हे त्यांना माहीत होतं. पण सकाळी मॅडमचा फोन आला. नाटकवाल्या बाईंनी काल बाहेर काहीतरी खाल्लं होतं आणि त्यांचं पोट खरोखर बिघडलं होतं.

"मॅडम, मी नको. तो पोरगा..."

"मास्तर, गुण तुम्ही द्यायचे नाहीत. ते बाहेरून आलेले परीक्षक देतील. तुम्ही फक्त आजारी पडा. आणि कार्ड नवीन आहे, त्यानं कधी न पाहिलेलं. फक्त मदत करायची नाही. जमेल?"

मास्तर हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले. बायको म्हणाली, "भुवया सांभाळा."

कार्डावर एक वॉचमन होता. चढ चढला की दम लागतो, पाय सुजतात. डॉक्टरांनी अंगातलं पाणी कमी करायची गोळी दिली आहे, पण ती घेतली की दर अर्ध्या तासानं लघवीला जावं लागतं, आणि फाटक सोडून जाता येत नाही. म्हणून गोळी बंद केली आहे. हे सांगायला त्याला लाज वाटते. खाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'गोळ्या घेता का, असं विचारलं तर "घेतो" म्हणून खाली बघायचं. विद्यार्थी पुढच्या प्रश्नावर गेला तर विषय संपला. तो थांबला, तरच सांगायचं.'

शिडी आत आला. सरळ स्टूल ओढून बसला. आरशामागे पिकल्या मिश्यांचे परीक्षक होते. मास्तरांनी त्यांना जिन्यात पाहिलं होतं, हसण्याशी त्यांची ओळख नसावी असा चेहरा. शिडीनं तळहात एकमेकांवर चोळले, पाय दाबून सूज पाहिली, मास्तरांच्या तोंडाकडे बघत. सगळं ठीक चाललं होतं. आणि मग त्यानं विचारलं, "गोळ्या नेमानं घेता?"

"घेतो," मास्तर म्हणाले आणि खाली बघू लागले.

खोलीत काही ऐकू येईना. चादरीवर एक बारीक सुरकुती होती, मास्तर तिच्याकडे बघत राहिले. एक. दोन. तीन. वर बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. थांब रे, थांब रे, ते मनात म्हणत होते. पोरानं वहीचं पान उलटलं तर सगळं संपलं. चार. पाच. पान काही वाजलं नाही.

"काका," शिडी अगदी हळू म्हणाला, "त्या गोळीचा काही त्रास होतो का?"

आणि पुन्हा गप्प बसला.

मास्तरांनी सांगितलं. फाटक, लघवी, साहेबांची बोलणी, लाज, सगळं. सांगताना त्यांना वाटलं की ते खरंच वॉचमन आहेत आणि खरंच कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय. शिडीनं मान हलवली. त्यानं छान म्हटलं नाही, बरं म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. मग विचारलं, "तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?"

"दोनला."

"मग गोळी घरी गेल्यावर घेतली तर चालेल का, हे मी मोठ्या डॉक्टरांना आत्ताच विचारतो. तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, काका. नाहीतर आम्ही गोळीच वाढवून बसलो असतो."

घंटा वाजली. परीक्षक आणि मॅडम आत आले. परीक्षकांच्या हातात कागद होता आणि गुणांची चौकट अजून कोरी होती, हे मास्तरांना खाटेवरून दिसत होतं.

"तुमच्या इथे नवीन रीत आहे म्हणे," परीक्षक म्हणाले. "पेशंटला आधी विचारायचं. बोला. काही राहिलं का याचं?"

मास्तरांच्या छातीत आता खरंच धडधडू लागलं. राहिलं होतं. एक गोष्ट राहिली होती, आणि ती त्यांना सुरुवातीलाच खटकली होती. पोराचं वर्ष त्या कोऱ्या चौकटीत अडकलेलं. तो जुना शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला, इतका गोड, इतका सोपा. त्यांनी शिडीकडे पाहिलं. पोरगा पुढे वाकून, हातांची घडी न घालता, वाट बघत होता. घाबरलेला होता, पण ऐकायला तयार होता.

"साहेब," मास्तर म्हणाले, "मला जे कुणाला सांगायचं नव्हतं ते यानं माझ्याकडून काढून घेतलं, आणि मला लाज वाटू दिली नाही. पण आत आल्यावर यानं स्वतःचं नाव सांगितलं नाही. मी एवढं सगळं बोललो, पण कुणाशी ते मला अजून माहीत नाही."

"अरेच्चा!" शिडीनं कपाळावर हात मारला.

 परीक्षकांनी कागद उलटा करून मास्तरांना दाखवला. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'नाव सांगितले नाही.'

"मीही तेच लिहिलंय," ते म्हणाले. "तुम्ही झाकलं असतंत तर मी तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवला नसता. मला हा गोळीचं काढून घेतो का, तेच बघायचं होतं. पंचवीस वर्षं मी पेशंट तपासतोय. माझ्या कितीजणांनी अशा गोळ्या बंद केल्या असतील देव जाणे, मी कधी तेवढा थांबलोच नाही." मिश्यांखाली काहीतरी हललं. त्यांनी चौकटीत आकडा लिहिला आणि शिडीपुढे धरला. "पास. चांगला पास. जा. नाव सांगत जा."

शिडी उठला तो इतक्या जोरात की वरच्या दिव्याला डोकं लागलं आणि दिवा हलत राहिला. त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून एवढा हलवला की परीक्षकांना मधे पडावं लागलं. मग तो धावत बाहेर गेला आणि जिन्यातून घरी फोन लावल्याचा त्याचा आवाज साऱ्या मजल्यावर घुमला.

"आई, मी नाव सांगायला विसरलो! ... नाही गं, माझं नाव! ... पेशंटला! ... अगं रडतेस काय? ... पास! पास झालो ते सांगायचं राहिलंच की! आई, पास!"

मावशी फडकं तोंडाला लावून खाली बसल्या. मॅडम आरशाला टेकून हसत होत्या. मास्तरांना तर हसता हसता असा दम लागला की कार्डावरच्या वॉचमनलाही लागला नसता.

"मास्तर, अहो, पुरे," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "दुसरा विद्यार्थी दारात उभा आहे. आजारी पडा बघू."

मास्तरांनी उशीवर मान टेकली, चादर छातीपर्यंत ओढली, डोळे मिटले आणि आजारी पडायचा मनापासून प्रयत्न केला. पण काही केल्या जमेना.